चहा हवा, पोळी हवी, पाणी हवं

आखातातल्या मराठी घरांतून गेल्या काही वर्षांत 'एबीए' ही तीन अक्षरे चांगलीच रुळली आहेत. ज्यांच्या घरी स्वमग्न मूल आहे त्यांना ती पाठ असतात. ज्यांच्या घरी नाही त्यांनी ती कुणा शेजारणीच्या नाहीतर चुलतभावाच्या तोंडून ऐकलेली असतात. अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस. पाठ्यपुस्तकी मराठीत उपयोजित वर्तन विश्लेषण. ही पद्धत चांगली की वाईट ह्यावर पालकांत, आणि आता स्वतः स्वमग्न असलेल्या प्रौढांतही, कडाक्याचे वाद आहेत. त्या वादाकडे मी पुढे येणारच आहे. पण आज मला लिहायचे आहे ते जरा वरच्या मजल्याविषयी. ह्या विषयात जे डॉक्टरेट करतात त्यांना काय शिकवले जाते, आणि काय शिकवायचे राहून जाते?

हा प्रश्न विद्यापीठाच्या भिंतीआड ठेवण्याजोगा नाही. मनामातल्या एखाद्या केंद्रात मुलासमोर जी पंचविशीतली मुलगी बसते, तिच्या हातात एक कागद असतो. कोणते वर्तन शिकवायचे, कोणते मोजायचे, कशाला बरोबर म्हणायचे, हे त्या कागदावर लिहिलेले असते. तो कागद तिने केलेला नसतो. तिच्या वरच्याने केलेला असतो, आणि त्याला ज्या शोधनिबंधांचा आधार असतो ते बहुतेक डॉक्टरेटवाल्यांनी लिहिलेले असतात. तिथे जे सुटते ते इथे, समुद्रापलीकडे अस्करपर्यंत, सुटलेलेच पोचते.

माझा अधिकार काय, असे कुणी विचारेल. माझी डॉक्टरेट नियंत्रण अभियांत्रिकीतली, पोट भरते सॉफ्टवेअरवर. पण माझी भाची अमेरिकेत ह्याच विषयात पीएचडी करते आहे. तिने दीड वर्षापूर्वी मला वाचायची यादी पाठवली, मग संशोधनाचा आराखडा पाठवला, आणि "मावशी, तू बाहेरची आहेस, तुला जे खटकेल ते लिही" असे सांगितले. खटकलेले तिला कळवलेच आहे. आपल्या वाचकांपुढे ठेवण्यासारखे जे वाटले ते येथे लिहिते.

आधी गुणगान, कारण ते खरे आहे. ह्या शाखेचा जन्मदाखला म्हणजे १९६८ साली 'जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस'च्या पहिल्याच वर्षात छापलेला एक लेख. लेखक तिघे, बेअर, वुल्फ आणि रिस्ली. तिघेही तेव्हा कॅन्सस विद्यापीठातले. ह्या शास्त्राचे काम कसे ओळखायचे ह्याच्या सात खुणा त्यांनी सांगितल्या. त्यातल्या एकीने मला जिंकले. ती अशी की पद्धतीचे वर्णन 'तंत्रशुद्ध' हवे, म्हणजे त्या विषयात शिकलेल्या वाचकाला केवळ ते वाचून तीच कृती पुन्हा करता आली पाहिजे. 'मुलाशी खेळून उपचार केला' हे वर्णन चालणार नाही. कोण काय म्हणाले, मुलाने काय केले, मग किती वेळात काय दिले, हे सगळे लिहा. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेले अर्धवट दस्तऐवज वाचून डोके धरणाऱ्या माझ्यासारखीला ही भाषा माहेरची वाटली.

ह्या विषयातल्या प्रबंधांत तीन-चारच मुले असतात हे पाहून आमच्या क्षेत्रातले लोक हसतात. त्यांनी हसू नये. इथे शंभर मुलांची सरासरी काढत नाहीत. एकाच मुलाचे वर्तन आधी काही दिवस नुसते मोजतात, मग उपाय सुरू करतात, मग तो थांबवतात, आणि पुन्हा सुरू करतात. प्रत्येक वेळी आलेख उपायाबरोबर वर-खाली झाला तर उपायाचाच परिणाम असे मानतात. शिकलेली गोष्ट अशी मागे घेता येत नसेल तर वेगवेगळ्या मुलांना वेगवेगळ्या दिवशी उपाय सुरू करतात. दोन निरीक्षक एकमेकांकडे न पाहता मोजतात, आणि त्यांचे निदान ऐंशी टक्के जुळले तरच आकड्याला किंमत. मरी सिडमन ह्यांनी १९६० मध्ये ह्या पद्धतीचे तत्त्व पुस्तकात मांडले. एखादे यंत्र बटण दाबून तपासावे, सोडून तपासावे, तसेच हे आहे. डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याच्या अंगात चार-पाच वर्षांत ही शिस्त अशी मुरते की भाची आता आमच्या नातेवाइकांच्या भांडणांतही 'आधी काय घडले, मग काय केले, त्यातून काय मिळाले' हे तीन रकाने मांडते. लग्नसराईत हे फार उपयोगी पडते.

ही शिस्त वाया गेलेली नाही. १९८२ साली इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ मुलांवरचे काम छापले. त्याआधी अशा मुलाला काय 'झाले' आहे हे विचारत. ह्यांनी विचारले की डोके आपटल्याने त्याला मिळते काय? चार प्रकारचे प्रसंग त्यांनी मुद्दाम घडवले. एकात डोके आपटले की मोठे माणूस लक्ष देते, दुसऱ्यात अवघड काम देतात आणि आपटले की ते काढून घेतात, तिसऱ्यात मूल एकटे, चौथ्यात नुसता खेळ. कुठे वर्तन वाढते ते पाहायचे. बहुतेक मुलांत उत्तर सापडले आणि ते सगळ्यांचे एकच निघाले नाही. एकाच कृतीमागे दोन मुलांची दोन कारणे असू शकतात ही गोष्ट मोजून दाखवणे हे मोठेच काम होते. ह्या तपासणीवरून नंतर असंख्य प्रबंध झाले.

आता तोच प्रयोग सांगलीच्या एखाद्या वाड्यात करायला घ्या. 'एकटे मूल' हा प्रसंग घडवणार कसा? मूल एका खोलीत एकटे बसले की तीन मिनिटांत आजी डोकावते, काका डोकावतात, भांडी घासायला आलेली बाई डोकावते. प्रयोगशाळेत लक्ष ही मोजून द्यायची वस्तू आहे. आपल्या घरात ते पंख्याच्या वाऱ्यासारखे सर्वांवर सारखे फिरत असते. ह्यावर मी भाचीला लिहिले तर उत्तर आले, "मावशी, म्हणूनच तर प्रयोगशाळा लागते." बरोबर आहे. पण प्रयोगशाळेतून निघालेला उपाय परत वाड्यात जाणार असतो, आणि त्या प्रवासाची परीक्षा कोण घेतो?

सात खुणांतली शेवटची नेमकी हीच आहे: परिणाम दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या माणसांबरोबर, टिकला पाहिजे. मी वाचलेल्या प्रबंधांत ही खूण दोन परिच्छेदांत उरकलेली असते. मूल केंद्रातल्या टेबलाशी शिकले, मग दुसऱ्या खोलीत दुसऱ्या शिक्षिकेबरोबर तपासले, झाले. घर बदलले, भाषा बदलली तर काय, हे विचारायचे बंधन विद्यार्थ्यावर नसते. माझा मुख्य आक्षेप इथे आहे.

भाषा ह्या शास्त्रात आडवाटेने आलेली नाही. बी. एफ. स्किनर ह्यांनी १९५७ साली बोलण्यावर अख्खे पुस्तक लिहिले आणि बोलण्याचे प्रकार त्यामागच्या कारणावरून पाडले. मागण्यासाठी बोलणे हा 'मँड', दिसलेल्याला नाव देणे हा 'टॅक्ट', ऐकलेले तसेच म्हणणे हा 'एकोइक', वगैरे. नोम चॉम्स्की ह्यांनी १९५९ मध्ये त्या पुस्तकाचे जे वस्त्रहरण केले त्याची गोष्ट भाषाशास्त्राचे विद्यार्थी अजून चवीने सांगतात. पण स्वमग्न मुलांना शिकवणाऱ्यांनी स्किनरचे वर्गीकरण उचलले आणि त्यावर काम उभे केले. मिशिगनमध्ये जॅक मायकल आणि त्यांचे विद्यार्थी ह्यात पुढे होते. त्यांतलेच मार्क सुंडबर्ग ह्यांनी २००८ मध्ये काढलेली १७० टप्प्यांची मोजणी आज जगभरच्या केंद्रांत वापरतात. ती पट्टी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या वाढीवर बेतलेली आहे. तशी असायला हरकत नाही. ती मराठी मुलाला लावताना मात्र कुणीतरी पट्टी तपासली पाहिजे.

एक उदाहरण जरा सविस्तर घेते, कारण सगळी गंमत त्यातच आहे.

मागायला शिकवताना इंग्रजीत एक चौकट वापरतात: 'आय वाँट', आणि पुढे वस्तूचे नाव. चौकट पक्की, एकच जागा रिकामी. चहा, पोळी, पाणी, काहीही घाला, वाक्य तयार. आता हीच चौकट मराठीत करा. मला चहा हवा. मला पोळी हवी. मला पाणी हवं. आंबे हवेत, चकल्या हव्यात, बिस्किटं हवीत. वस्तू बदलली की शेवट बदलला. इंग्रजीत मूल जे एकदा शिकते ते आपल्याकडे सहा वेळा शिकावे लागते, आणि मुलाने 'पोळी हवा' म्हटले तर ते बरोबर मोजायचे की चूक, हे कागदावर लिहिलेले नसते. सॉफ्टवेअरवाल्यांनी हा धडा कधीच गिरवला आहे. वाक्याचे तुकडे करून मधे शब्द चिकटवला की प्रोग्रॅम इंग्रजीत सुरळीत चालतो आणि दुसऱ्या भाषेत गेला की तोतरा होतो. आमच्यात कुणा नवख्याने असे केले तर त्याचे काम परत पाठवतात.

व्यवहारी आई म्हणेल, मग 'पाहिजे' शिकवा की! चहा पाहिजे, पोळी पाहिजे, पाणी पाहिजे. इथे लिंगाची भानगड नाही. अगदी बरोबर, आणि विदर्भातले घर असेल तर तेच स्वाभाविकही आहे. पण ही निवड करायला मराठी यावे लागते, आणि त्या घरात काय बोलतात ते ऐकावे लागते.

पुढचे पाहा. स्वमग्न मुले पुष्कळदा ऐकलेले तसेच उच्चारतात. आई विचारते, 'डू यू वाँट वॉटर?' आणि मूल तहान लागली की तेच वाक्य म्हणते. इंग्रजीत ही 'यू'ची आणि 'आय'ची अदलाबदल म्हणून नोंदली जाते आणि ती सुधारायचा कार्यक्रम आखला जातो. मराठी आई काय विचारते? "पाणी हवं?" आणि तहानलेल्या मुलाने "पाणी हवं" म्हटले तर त्यात चूक कुठे आहे? आपण सर्वनाम सर्रास गाळतो, त्यामुळे प्रश्न आणि मागणी ह्यांचे शब्द तेच, फरक फक्त सुराचा. जी त्रुटी इंग्रजी कागदावर ठळक दिसते ती मराठीत ह्या वाक्यापुरती नाहीशीच होते. उलट 'मला' हा शब्द आला नाही म्हणून गुण कापणारी मोजणी मराठी मुलावर धडधडीत अन्याय करील.

उलट बाजूही आहे, म्हणजे मराठीतच निघणारी अडचण. शिकवणाऱ्या बहुतेक बायका असतात. त्या 'मी जाते', 'मी खाते' असे म्हणून दाखवतात आणि मुलगा तसेच म्हणतो: मी जाते. इतर मुलगे हे घरात ऐकून ऐकून आपोआप सावरतात. आई त्यांना 'तू जातोस' म्हणते त्यातला 'तो' ते उचलतात. पण जो मुलगा नमुना जसाच्या तसा उचलतो त्याला हे मुद्दाम शिकवावे लागेल. कसे? पुरुषाचा आवाज नमुना म्हणून द्यायचा? की 'मला जायचंय' अशी लिंग नसलेली वाक्ये आधी? (आणि मूल कोल्हापूरचे असेल तर तिथल्या मुलीही 'मी जातो' म्हणतात, तेव्हा मोजणाऱ्याने आधी गाव विचारावे हे उत्तम.) हा डॉक्टरेटचा विषय आहे. नुसता आहे असे नाही, ह्या शास्त्राच्या पद्धतीला तो अगदी बेतून शिवल्यासारखा बसतो: तीन मुले, तीन सुरुवाती, दोन निरीक्षक. तो कुणी केलेला मला तरी आढळला नाही.

आणि बाळबोलीचे काय? 'मंमं', 'दुदू', 'भूर'. दोन वर्षांचे मूल 'मंमं' म्हणाले तर मराठी माणसाला कळते की त्याने जेवण मागितले. भाषा न येणारी निरीक्षक त्याच रकान्यात 'निरर्थक आवाज' लिहील. तिचे काहीच चुकलेले नसेल. तिला दिलेल्या व्याख्येत ते शब्द नाहीत.

ह्या सगळ्याचा शेवट कुठे होतो ते आमच्या ओळखीच्या एका घरात मी पाहिले. मूल घरी मराठी ऐकते, दुकानात अरबी, गाडीवाल्याकडून हिंदी-उर्दू, शाळेत इंग्रजी. एका केंद्राने सांगितले, गोंधळ होतो आहे, घरी फक्त इंग्रजी बोला. आईवडिलांनी निमूट पाळले. आईचे इंग्रजी कामापुरते. त्यामुळे दिवसभर मुलाशी चाललेली तिची बडबड थांबली आणि उरल्या त्या आज्ञा. 'कम', 'सिट', 'गुड जॉब'. शुक्रवारी सांगलीच्या आजीचा फोन येई, त्यात तिला काय बोलावे कळेना, तर ती नुसती हसून पाहत बसे. असा सल्ला अमेरिकेत आणि इंग्लंडातही वर्षानुवर्षे दिला गेला आहे. त्याला आधार काय? हॅम्बली आणि फॉम्बोन ह्यांनी २०१२ साली कॅनडातील दोन भाषांत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांचा अभ्यास छापला, तेव्हा एका भाषेत वाढणाऱ्यांपेक्षा ती बोलण्यात अधिक मागे पडल्याचे दिसले नाही. नंतरच्या अभ्यासांचाही कल तोच आहे. आकड्याशिवाय तोंड उघडायचे नाही ही ज्या शास्त्राची प्रतिज्ञा, त्याच्या नावाने चालणाऱ्या केंद्रांत हा सल्ला आकड्यावाचून दिला जातो ह्याचे मला जास्त वाईट वाटते.

शिक्षणाची उतरंड कशी झाली तेही पाहण्यासारखे आहे. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील इवार लोवास ह्यांनी १९ लहान मुलांवरील काम छापले: आठवड्याला ४० तास, दोन वर्षे किंवा अधिक, त्यांतली नऊ मुले बुद्ध्यंकाने आणि शाळेतल्या वर्गाने इतरांच्या बरोबरीला आली. मुलांसमोर बसणारे विद्यापीठाचेच विद्यार्थी होते. त्या उपचारात जोरात 'नो' म्हणणे आणि मांडीवर चापटी मारणेही होते, हे लेखातच लिहिले आहे. मुले यादृच्छिक पद्धतीने गटांत वाटलेली नव्हती हा आक्षेप तेव्हापासूनचा. पण १९९३ मध्ये कॅथरीन मॉरिस ह्या आईचे पुस्तक आले, पालकांची मागणी वाढली, आणि १९९८ साली प्रमाणपत्र देणारे मंडळ अमेरिकेत उभे राहिले. त्याची पायरी पदव्युत्तर शिक्षण, देखरेखीखालचे काम आणि परीक्षा अशी आहे. डॉक्टरेट असलेल्याला त्याच प्रमाणपत्रापुढे एक 'डी' लावता येतो. त्याची वेगळी परीक्षा नाही आणि अधिकारही तेच. चार-पाच वर्षांची किंमत एक अक्षर! २०१४ पासून खाली आणखी एक पायरी आली, मुलासमोर प्रत्यक्ष बसणाऱ्यांची. तिला शालेय शिक्षण, ४० तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा पुरते. पुढे महिन्याच्या कामाच्या तासांपैकी किमान ५ टक्के देखरेख. लोवासच्या मुलाला आठवड्याला ४० तास, आणि आज त्याच्यासमोर बसणाऱ्या मुलीचे सगळे शिक्षण मिळून ४० तास. मोठमोठे प्रबंध वर, मूल खाली, आणि मधला जिना असा अरुंद.

जिन्याचे दार आता आपल्या बाजूने बंदही झाले आहे. त्या मंडळाने २०१९ च्या अखेरीस जाहीर केले आणि १ जानेवारी २०२३ पासून अमलात आणले की नवे अर्ज अमेरिका, कॅनडा आणि आणखी मोजक्या देशांतल्या रहिवाशांचेच घेतले जातील. भारत त्यात नाही, बहारीनही नाही. दुसऱ्या काही संस्था आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रे देतात, त्यांची दुकाने सुरू झाली. भारतातल्या पुनर्वसन परिषदेच्या १९९२च्या कायद्यात व्यावसायिकांची जी यादी आहे तीत चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहेत, वाचा-उपचारक आहेत, विशेष शिक्षक आहेत. वर्तन विश्लेषक नाहीत. पुनर्वसन अभियंते मात्र आहेत. हे वाचून मी भाचीला कळवले की मावशीला तिच्या आधी परवाना मिळू शकेल. तिने दोन दिवस उत्तर दिले नाही.

पुष्कळ पालकांना दार बंद झाल्याचे दुःख आहे. मला त्यात थोडी मोकळी हवाही दिसते. प्रमाणपत्र बाहेरून येणार नसेल तर आपल्याकडे ज्ञान कसे रुजते हे तरी आपण पाहू. दोन उदाहरणे मला ठाऊक आहेत, दोन्ही ह्या शाखेबाहेरची, शेजारघरची म्हणा.

पहिले गोव्याचे. 'संगत' ही तिथली संस्था १९९६ची. तिच्या लोकांनी ब्रिटिश आणि पाकिस्तानी सहकाऱ्यांबरोबर, गोवा आणि रावळपिंडी अशा दोन ठिकाणी ६५ स्वमग्न मुलांच्या कुटुंबांत चाचणी केली. ती २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिॲट्री'त आली. मूळ पद्धत इंग्लंडातली. पण घरी जाणारे कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते, त्याच भागातले शिकवून तयार केलेले लोक होते. दर पंधरा दिवसांनी तासभर, सहा महिने. आईचे आणि मुलाचे खेळणे चित्रित करायचे आणि मग दोघांनी मिळून पाहायचे: इथे तुम्ही त्याच्या मागून गेलात, बघा त्याने काय केले. पालकांचे मुलाशी जुळवून घेणे वाढले, मुलाने आपणहून संवाद सुरू करणे वाढले. दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ मात्र घटला, आणि तेही त्यांनी छापले. ह्या कामात डॉक्टरेटवाले होतेच. पण त्यांचे ज्ञान ज्या माणसाच्या तोंडून घरात शिरले तो माणूस घरची भाषा बोलणारा होता.

दुसरे उदाहरण मुंबईचे. कि. मो. फडके ह्यांनी न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस ह्यांची उपचारपद्धती बरीचशी पत्रांतून शिकून घेतली. तो पत्रव्यवहार १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून वर्षानुवर्षे चालला. आजच्या व्हिडिओवरच्या देखरेखीचा हा टपाली पूर्वजच. पण फडके आणि त्यांच्या शिष्यांनी त्यापुढे जाऊन ते मराठीत आणले, शब्द घडवले. अंजली जोशी ह्यांनी एलिसचे चरित्र 'गुरू विवेकी भला' ह्या नावाने मराठीत लिहिले. आज 'विवेकनिष्ठ' म्हटले की मराठी वाचकाला काही तरी कळते. वर्तन विश्लेषणाकडे मराठीत काय आहे? 'प्रबलन', 'विलोपन', 'साधक अभिसंधान'. बी.ए.च्या परीक्षेपुरते शब्द. कुठल्याही आईने ते स्वयंपाकघरात वापरल्याचे मी ऐकलेले नाही.

वादाचे म्हटले होते ते थोडक्यात. १९७८ साली त्याच मूळ तिघांपैकी माँट्रोज वुल्फ ह्यांनी लिहिले की उद्दिष्ट, पद्धत आणि परिणाम हे तिन्ही समाजाला मान्य आहेत का ते लोकांनाच विचारले पाहिजे. प्रबंधांत ह्याचे रूपांतर शेवटच्या दिवशी आईला दिलेल्या प्रश्नावलीत झाले आहे. उद्दिष्ट ठरवतानाच विचारले असते तर चमच्याने जेवणे हे यश आणि हाताने जेवणे ही मागासलेली पायरी असे वरणभाताच्या घरात कुणी लिहिले नसते. आणि ज्याचे वर्तन बदलायचे त्यालाच कुणी विचारले का, हा प्रश्न २००४ साली कॅनडातल्या मिशेल डॉसन ह्या स्वमग्न संशोधिकेने रोखठोक विचारला. मॅसॅच्युसेट्समधल्या जज रोटेनबर्ग सेंटरमध्ये विजेचे झटके देत, त्यावर ह्या शाखेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने विरोधाची भूमिका घेतली ती २०२२ मध्ये. इतका उशीर मोजण्याच्या कमतरतेने झालेला नाही. काय मोजावे हे ठरवायच्या खोलीत कोण बसले होते त्यामुळे झाला. डॉक्टरेटच्या अभ्यासक्रमात नीतीचा एक विषय असतो. मला वाटते त्या खोलीत कोण बसते हा प्रश्न त्या एका विषयात मावणारा नाही.

भाचीच्या आराखड्याचे सांगते. तिने मराठी घरांतल्या तीन मुलांची मागणी-वाक्ये घेतली आहेत. मार्गदर्शक समितीला विषय आवडला. अडले ते दुसऱ्या निरीक्षकावर. मराठी येणारा, सवडीचा आणि तिच्या निष्कर्षात ज्याचा स्वार्थ नाही असा माणूस तिच्या विभागात नाही. तिसरी अट मावशीला जमत नाही, त्यामुळे खऱ्या मोजणीत मी नाही. पण व्याख्या पक्की करण्याच्या सरावात बसायला हरकत नव्हती. आमच्याच नात्यातल्या एका सव्वादोन वर्षांच्या मुलाच्या चित्रफिती त्याच्या आईने सरावासाठी दिल्या. भाची तिथे, मी अस्करला, दोघींनी वेगवेगळे मोजले. ऐंशी टक्के काही जुळेनात. 'मंमं'वर लगेच एकमत झाले, 'पोळी हवा'वर थोड्या वादाने झाले. अडकलो ते 'पाणी हवं'वर. आईने विचारल्यावर लगेच म्हणाला तर तो प्रतिध्वनी, असे तिचे म्हणणे. सूर खाली उतरला आणि हात पेल्याकडे गेला तर ती मागणी, असे माझे. सध्या तिने नियम केला आहे की आईच्या शब्दानंतर पाच सेकंदांच्या आत आले तर प्रतिध्वनी. मी विचारले, पाचच का? ती म्हणाली, इंग्रजीत तेवढेच घेतात. सुराचा एक वेगळा रकाना घालून मी तिला कोष्टक परत पाठवले आहे.